पगार वाढवू नका, मॅडम

दरवर्षी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मी इन्क्रिमेंटची शीट बनवते. भोसरीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये पगार, पीएफ, ईएसआयसी, हजेरी, ॲडव्हान्स असलं सगळं बघायला मीच आहे. साठ-बासष्ट माणसं, मालकांनी टक्का सांगितला की तो एक्सेलमध्ये खालपर्यंत ओढायचा, प्रिंट काढायची आणि सह्या घ्यायच्या, झालं. दोन वर्षांपूर्वी अशीच शीट केली आणि संध्याकाळी सुट्टी झाल्यावर पॅकिंगचे एक काका केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. हातात डब्याची पिशवी, टोपी काढून खिशात. मला वाटलं ॲडव्हान्स पाहिजे असणार, तर म्हणाले, "मॅडम, माझा पगार वाढवू नका."

मी आधी हसले. चौदा वर्षं पगाराचं काम करतेय, वाढ कमी पडली म्हणून भांडायला आलेली माणसं बघितलीत, रडलेली बघितलीत, एकाने तर शीटच फाडली होती, पण वाढ नको म्हणणारा पहिलाच. काकांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढला, मुलाच्या वहीचं पान होतं, त्यावर पेनने हिशोब. त्यांचा पगार तेव्हा २०,३०० आणि वाढीनंतर होणार होता २१,७००. ईएसआयसी म्हणजे कामगार विमा, पगारातून थोडं कॉन्ट्रिब्युशन कापायचं आणि घरच्यांचा दवाखाना त्यावर. त्याचं लिमिट २१,०००, ते २०१७ च्या जानेवारीपासून तेवढंच आहे. पगार त्याच्यावर गेला की कॉन्ट्रिब्युशन बंद, आणि थोड्या महिन्यांनी घरातल्या पाच माणसांचं कार्ड बंद. आईचे गुडघे, बायकोचा बीपी आणि शुगर, दोन मुलं. महिन्याला १,४०० वाढणार म्हणजे वर्षाचे सोळा हजार आठशे, आणि जाणार काय तर आईचं ऑपरेशन जे रांगेत लागलं होतं ते. कागदाच्या खाली त्यांनी दोन रेघा मारून लिहिलं होतं, 'परवडत नाही'.

बरं, माणूस कष्टाला मागे नाही हं. लगेच पुढचं वाक्य, "ओव्हरटाइम किती पण द्या, ते लिमिटमध्ये धरत नाहीत ना?" आणि खरंच नाही धरत. कॉन्ट्रिब्युशन तेव्हा ओव्हरटाइमवर पण कापायचं असायचं, पण माणूस लिमिटच्या आत का बाहेर हे ठरवताना ओव्हरटाइम सोडायचा असतो. हा नियम मला ऑडिटच्या वेळी एका कन्सल्टंटने फी घेऊन समजावला होता आणि दहावी नापास काकांना तो तोंडपाठ.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट बसली ती बसलीच. आपण कमाई आणि उत्पन्न हे दोन शब्द एकच असल्यासारखे वापरतो. कमाई म्हणजे हातपाय हलवून आणलेलं. उत्पन्न म्हणजे घरात एकूण काय आलं, पगार, मजुरी, रेशनचं धान्य, योजनेचा हप्ता, दवाखान्यात जे भरावं लागलं नाही ते, सगळं धरून. माझ्यासारखीचं दोन्ही साधारण सारखंच असतं म्हणून फरक कळत नाही. पण खालच्या घरांमध्ये एक वाढलं की दुसरं घटतं, असं बऱ्याचदा होतं, आणि योजनेचा नियम बदलला की हे गणित परत मांडावं लागतं. आणि ते मांडतात. त्यांच्याइतकं बारीक मी माझ्या स्वतःच्या पगाराचं पण मांडलेलं नाही कधी.

खोटं कशाला बोलू, एकदा मांडलंय. व्यवसाय कर. २०२३ च्या एप्रिलपासून महाराष्ट्रात बायकांना २५,००० पर्यंतच्या पगारावर तो माफ झाला. माझा पगार त्याच वर्षी २५,३०० झाला. म्हणजे महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५०० गेले, का तर वरच्या तीनशे रुपयांसाठी. मी मालकांना हसत हसत म्हणलं, सर ३०० कमी करा माझे. ते पण हसले. माझी लाईन ओलांडायची किंमत अडीच हजार, हसण्यावारी नेण्यासारखी. काकांची लाईन तशी नव्हती.

हा जो व्यवसाय कर मी दर महिन्याला सगळ्यांच्या स्लिपमधून कापते, त्याचा आणि माझ्या आजीचा संबंध आहे हे मला फार उशिरा कळलं. हा कर १९७५ सालचा, आणि तो शहरातल्या नोकरदारांवर लावला तोच रोजगार हमी योजनेला पैसा उभा करायचा म्हणून. आणि रोजगार हमी म्हणजे आमच्या घरात आजी.

आमचं गाव सोलापूर जिल्ह्यात, मोहोळ तालुक्यात. बहात्तरच्या दुष्काळात आजी खडी फोडायला होती. आमच्याकडे जुनी माणसं अजून 'दुष्काळी काम' असंच म्हणतात. रस्त्याकडेला खडीचे ढीग, पाझर तलावाची माती, पोरांना सुकडी आणि घरी मिलोच्या लाल भाकरी ज्या तव्यावरून काढताना मोडायच्या. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात जवळजवळ ५० लाख माणसं अशा कामांवर होती. आजी सांगायची त्यातलं एक वाक्य मला आता जास्त कळतंय. ती म्हणायची, "तितं कुनी इचारलं न्हाई तुजं कार्ड कंचं. हातोडा घेतला की नाव चढलं हजेरीवर." दहा एकरवाल्या घरच्या सुना पण तिच्या शेजारी बसून दगड फोडत होत्या, कारण दहा एकरात त्या साली काहीच नव्हतं. आणि पाऊस पडल्यावर त्या सुना गेल्या आपल्या शेतात, त्यांना कुणी योजनेतून 'अपात्र' केलं नाही.

पुढे तेच काम योजना झालं. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ते लावून धरलं, १९७७ ला कायदा झाला आणि १९७९ च्या २६ जानेवारीपासून लागू. दाखला नाही, कार्डाचा रंग नाही. भर उन्हात दगड फोडायला जो येईल तो गरीब, इतकं सोपं. ज्याला गरज नाही तो आपण होऊनच येत नाही. हुशारीची आयडिया होती असं मी मानते, पण गोडवे गायचे नाहीत मला, कारण आजीच्या मनगटाचं आणि कमरेचं पुढे काय झालं ते मी बघितलंय. मजुरी मोजमापावर, मोजमाप मुकादमाच्या मनावर, आणि पगार कधी होईल ते कुणालाच माहीत नाही.

आमच्याच तालुक्यातलं शिरापूर आणि अकोल्याकडचं कानझरा, या दोन गावांत हैदराबादजवळची इक्रिसॅट संस्था १९७५ पासून घराघरातले हिशोब लिहून घ्यायची, कोण किती दिवस कुठे कामाला गेलं, किती मिळालं. त्या वह्यांवरून गौरव दत्त आणि मार्टिन रॅव्हॅलियन या अर्थशास्त्रज्ञांनी एक साधा प्रश्न विचारला, रोहयोवर बाई शंभर रुपये कमवते तेव्हा घरात खरंच शंभर वाढतात का? कारण ती तिथे गेली म्हणजे दुसरीकडचं काहीतरी सुटलंच ना, कुणाचं खुरपण, घरची शेळी, शेण-सरपण. त्यांचा अंदाज आला की साधारण पाव हिस्सा असा बुडतो. म्हणजे शंभरातले पंचाहत्तर खरे वाढले. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं, म्हणजे आकड्यामुळे नाही, हा प्रश्न कुणालातरी पडला म्हणून. आजीला पण तो पडायचाच की, ती फक्त 'शेरडी उपाशी ऱ्हायली' असं म्हणायची.

आणि योजनेत सुधारणा केली की काय होतं त्याचं पण उदाहरण तिथेच आहे. १९८८ ला किमान वेतन वाढलं आणि रोहयोची मजुरी कागदावर एकदम दुपटीच्या आसपास गेली. चांगलीच गोष्ट. पण त्यानंतर कामाचे दिवसच घटले. मागायला माणसं होती, कामं तेवढी काढलीच नाहीत. दर वाढला, दिवस कमी झाले, आता घरात आलं किती ते सांगा. त्यामुळे एखाद्या योजनेची रक्कम वाढली अशी बातमी आली की मी आधी किती जणांना आणि किती दिवस ते बघते. पगाराच्या कामाची सवय आहे, रेट गुणिले हजेरी. नुसता रेट बघून कुणाचा पगार निघत नाही.

आता आजी नाही. आता घरात वहिनीचा हप्ता आहे.

२०२४ च्या जूनच्या शेवटी बजेटमध्ये लाडकी बहीण जाहीर झाली आणि जुलैत गावात जी काय पळापळ झाली ती विचारू नका. २१ ते ६५ वय, घरचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखाच्या आत, पिवळं किंवा केशरी कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला नको. वहिनीने रात्री साडेअकराला मला फोन केला, "वन्सं, आधारला खातं लिंक हाय का न्हाई ते कसं बघायचं?" तिचं खातं होतं पण त्यात सहा वर्षांत कुणी काही टाकलंच नव्हतं. ऑगस्टमध्ये राखीच्या आधी दोन महिन्यांचे ३,००० आले. निवडणूक तीन महिन्यांवर होती, कुणाला कळत नव्हतं असं नाही. वहिनीला तर माझ्याआधी कळत होतं. तिचं म्हणणं, "मतं पायजे म्हनून दिलं, दिऊ द्या. मत तर त्यांना दरसाली पायजे असतंय, पैसं कवा दिलं हुतं?"

माझा दादा मात्र चिडलेला. दादाची तीन एकर, त्यातलं एक विहिरीखाली, कांदा करतो. त्याचं एकच तुणतुणं, बायका खुरपायला येईनात, घरात बसून पंधराशे मिळायल्यात तर कशाला उन्हात मरतील. हे वाक्य तुम्ही पण ऐकलं असणार, द्राक्षवाल्याकडून, ऊसवाल्याकडून, पुण्यात सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडीवालीबद्दल पण हेच. मी त्याला मोबाईलवर हिशोब करून दाखवला. वर्षाचे १८,०००. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर २०२५-२६ साली ३१२ रुपये रोज, म्हणजे हे १८,००० झाले साधारण अठ्ठावन्न दिवसांचे. उरलेल्या तीनशे सात दिवसांचं काय? पंधराशेत कुणाचं घर चालत नाही दादा, गॅस आणि तेलातच संपतात. तो म्हणला मग येईनात का? मी म्हणलं तू रोज किती देतोस? तर दोनशे. आणि सकाळी दहा ते सहा. शेजारच्या गावात टेम्पो येऊन अडीचशेला नेतो. मग कशाला येतील!

वहिनी पोळ्या लाटत होती, ती काहीच बोलली नाही. पण पोळपाटाचा आवाज जरा वाढला.

आळशी होतात या गोष्टीचा शोध दुसरीकडे पण घेतलाय लोकांनी. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा देशांतल्या सात रोख योजनांचे प्रयोग एकत्र करून बघितले, पैसे मिळायला लागल्यावर लोक काम कमी करतात असं काही ठामपणे दिसलंच नाही. आपल्या जवळचं बघायचं तर मध्य प्रदेशात इंदूरच्या आसपास 'सेवा' या कष्टकरी बायकांच्या संघटनेने २०११-१२ ला काही गावांत प्रत्येक माणसाला महिन्याला थोडे पैसे देऊन बघितले, मोठ्याला आधी २०० मग ३००, लहानाला त्याच्या निम्मे. तिथे काम कमी नाही झालं, पण बदललं. दुसऱ्याच्या बांधावर जाणारी माणसं स्वतःच्या तुकड्यात, स्वतःच्या जनावरात जास्त वेळ घालायला लागली. हे वाचलं आणि मला वहिनीच दिसली. तिने पहिल्या चार हप्त्यांत दोन शेळ्या घेतल्या. आता ती दोनशे रुपयांत कुणाच्या कांद्याला जात नाही, हे खरंय. दादाच्या भाषेत ती 'घरात बसून' आहे. सकाळी सहाला उठून दोन शेळ्या, तीन करडं, एक म्हैस, सासू, सगळ्यांचं करून.

म्हणजे तिची मजुरी घटली, आणि घरात आलेलं वाढलं. काकांचं बरोबर उलटं होणार होतं, कमाई वाढून घरातलं घटणार होतं. एकाच राज्यात, एकाच वर्षात.

पण वहिनीच्या नशिबात पण लाईन होतीच. भाचा बावीस वर्षांचा, लग्न व्हायचंय. त्याच्या मनात छोटा हत्ती घ्यायचा होता, सेकंडहँड, गावातला भाजीपाला पहाटे सोलापूरच्या मार्केटला न्यायचा. कर्ज पण होत होतं. सगळं ठरलं आणि कुणीतरी सांगितलं की घरात चारचाकी असेल तर लाडकी बहीण बंद, फक्त ट्रॅक्टर चालतो. २०२५ च्या सुरुवातीला पडताळणी लागली तेव्हा हे खरोखर बघायला लागले होते. मग चार दिवस घरात बैठका. वहिनीच्या भावाच्या नावावर घ्यायची? मग कर्ज त्याच्या नावावर, उद्या वाद झाला तर. शेवटी काय घेतलं माहितीये? आपे घेतली. तीन चाकी. भाचा मला फोनवर म्हणला, "आत्या, एक चाक कमी, म्हंजे अठरा हजार वाचलं."

आपेत हत्तीच्या निम्मा पण माल बसत नाही, आणि मोहोळ ते सोलापूर हायवेवर तिला घेऊन पहाटे जायचं म्हणजे माझा तर जीवच थरथरतो. मी ॲक्टिव्हावर भोसरी ते दिघी जाते तरी ट्रक बघून बाजूला घेते. पण त्यांच्या बाजूने बघितलं तर चुकीचं काय आहे? गाडीची कमाई होईल की नाही हे पावसावर, भावावर, डिझेलवर. पंधराशे मात्र, पुढेमागे का होईना, येतात. म्हणून एका चांगल्या धंद्याच्या जागी जरा बारका धंदा निवडला गेला. हे कुठल्या आकडेवारीत येणार? आपेचा पासिंग नंबर येईल, छोटा हत्ती जो घेतलाच नाही त्याची नोंद कुठे होणार.

पडताळणीत २०२५ च्या जूनपासून २६ लाखांवर नावांचे पैसे थांबवले. चौदा हजार पुरुष बहिणी म्हणून पैसे घेत होते हे पण निघालं, त्यावर आम्ही ऑफिसमध्ये दोन दिवस हसलो. खोटी नावं काढलीच पाहिजेत, त्यात वाद नाही. पण आमच्या वाड्यातली एक जाऊबाई आहेत, नवरा गेला, दोन एकर त्यांच्या नावावर झालं. त्यांना शेतकरी म्हणून केंद्राचे सहा हजार आणि राज्याचे नमोचे सहा हजार मिळतात, म्हणून लाडकी बहीण त्यांना पंधराशे नाही, पाचशे. कागदावर हिशोब बरोबर आहे, बारा हजार आणि सहा हजार मिळून अठराच. पण शेजारणीच्या घरात जमीन नवऱ्याच्या नावावर, त्याला शेतकऱ्याचे बारा हजार वेगळे आणि तिला अठरा वेगळे. म्हणजे जिच्या सातबाऱ्यावर स्वतःचं नाव आहे तिला कमी आणि जिचं नाव कुठेच नाही तिला जास्त. इतकी वर्षं आपण बायकांना सांगतोय की जमिनीवर नाव लावून घ्या, नाव लावून घ्या. जाऊबाई म्हणतात, "लावलं की मग."

आणि त्या सप्टेंबरपासून ई-केवायसी. त्यात नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार नंबर, त्याच्यावर ओटीपी. जाऊबाईंचा नवरा गेलेला, वडील गेलेले, ओटीपी कुणाच्या मोबाईलवर येणार? पुढे मुदत वाढली, मृत्यूचा दाखला अंगणवाडीत जमा करायचं निघालं, त्यांचं झालं एकदाचं. झालं म्हणजे तीन खेपा झाल्या. तीन खेपा म्हणजे सहाशे रुपयांची मजुरी, पाचशे रुपयांच्या हप्त्यासाठी. आजीच्या पाव हिश्श्यासारखंच हे, कुठे लिहिलं जात नाही.

दाखला हा प्रकार तर स्वतंत्र लिहायचा विषय आहे. आपल्याकडे तीन रंगांची कार्डं १९९९ ला आली. पिवळं वर्षाला १५,००० पर्यंत, केशरी एक लाखापर्यंत, त्याच्यावर पांढरं. पंधरा हजार! आज कुठलं कुटुंब वर्षाला पंधरा हजारात राहतं मला दाखवा. पुढे अन्नसुरक्षेत प्राधान्य कुटुंबासाठी गावात ४४,००० आणि शहरात ५९,००० अशी मर्यादा आली. संजय गांधी निराधारला तर २१,००० वर्षाला, अपंगांना जास्त धरतात. आता बघा, निराधारचं अनुदान स्वतःच महिन्याला १,५०० आहे. आणि सरकारच्याच रोजगार हमीवर ३१२ रुपयांनी एखादी बाई अडुसष्ट दिवस गेली तर ती २१,००० च्या वर गेली, म्हणजे सरकारी कामाची हजेरीच तिला सरकारी कागदावर निराधार राहू देत नाही. आणि आता डिसेंबर २०२५ ला केंद्राने रोजगार हमीचा कायदाच बदलून शंभर दिवसांचे सव्वाशे केलेत, चाळीस टक्के खर्च राज्याच्या डोक्यावर टाकून, आणि पेरणी-काढणीच्या दिवसांत साठ दिवसांपर्यंत काम बंद ठेवायची सोय करून. दादा खूश. ज्या दिवसांत मजुरीला भाव येतो नेमक्या त्याच दिवसांत दुसरा पर्याय बंद.

मग काय होतं, सगळ्यांचं उत्पन्न कागदावर लिमिटच्या जरा खाली येऊन थांबतं. माझ्याकडे कामाला लागताना माणसं मुलांच्या स्कॉलरशिपसाठी काढलेले दाखले घेऊन येतात, त्यावरचा आकडा आणि मी देणार तो पगार यांची कधी गाठच पडत नाही. पूर्वी मला याचा राग यायचा, खोटं बोलतात म्हणून. आता येत नाही. लाईन खोटी ठेवली की तिच्या आत राहायला माणसाला खोटं बोलावं लागतं, आणि जो बोलत नाही तो बाहेर. सगळ्यात वाईट त्याचं होतं ज्याचा पगार बँकेत जातो, माझ्या शीटमधून. ज्याची कमाई रोखीत आहे त्याला निदान लपवायची सोय तरी आहे. काका बिचारे सापडले कारण ते नियमाने भरणा होणाऱ्या ठिकाणी कामाला होते.

हे फक्त आपल्याकडचं नाही म्हणा. अमेरिकेत १९९६ ला क्लिंटन असताना गरीब आयांना मिळणारी जुनी रोख मदत मोडून नवी आणली, काम केलंच पाहिजे आणि आयुष्यात एकूण पाच वर्षांच्या वर केंद्राच्या पैशातून नाही. बायका कामाला लागल्या, कमाई वाढली, सगळीकडे वाहवा. पण त्या काळात वेगवेगळ्या राज्यांत चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करून जे प्रयोग झाले त्यात दिसलं की जिथे नुसती कामाची सक्ती होती तिथे कमाई जेवढी वाढली जवळपास तेवढीच मदत कापली गेली, घरात एकूण काही फरक नाही. मिनेसोटा राज्याने मात्र काम लागलं तरी मदत एकदम न तोडता हळूहळू कमी केली, तिथे कमाई पण वाढली आणि उत्पन्न पण. म्हणजे पायरी आणि कडा यातला फरक. काकांसमोर कडा होता, २१,००० ला उभे आणि २१,००१ ला खाली दरी. तिथे थोडं कॉन्ट्रिब्युशन जास्त घ्या, अर्धं कव्हर द्या, काहीतरी पायरी करा ना. एक्सेलमध्ये मला दहा मिनिटं लागतील असा स्लॅब बनवायला, इन्कम टॅक्सला आहेतच की स्लॅब. माझ्या मालकांना पायऱ्या आहेत, काकांना कडा.

आणि हो, कुणी म्हणेल पैसा येणार कुठून. येत नाहीच आहे. लाडकी बहीणला पहिल्या वर्षी ४६,००० कोटी म्हणले होते, २०२५-२६ च्या बजेटमध्ये ३६,००० कोटी धरले, आणि प्रचारात सांगितलेले २,१०० त्यात कुठे दिसलेच नाहीत. वहिनी अजून अधूनमधून विचारते, एकवीसशे कधी. मी म्हणते बघू.

तर काकांचं काय झालं. मी मालकांशी बोलले, ते आधी चक्रावले, मग म्हणाले कर तुला पटेल ते. शीटवर काकांचा पगार २०,९५० केला, पन्नास रुपये हवेत मोकळे ठेवले, आणि सुपरवायझरला सांगितलं ओव्हरटाइम पहिला त्यांना विचारायचा. आईचं ऑपरेशन त्या दिवाळीनंतर झालं, म्हातारी आता काठी घेऊन देवळापर्यंत जाते. काका मात्र आठवड्यातले चार दिवस रात्री नऊपर्यंत पॅकिंगला उभे असतात. चोपन्न वय. ज्या पगारवाढीला ते बसल्या जागी हक्कदार होते ती त्यांनी पायावर उभं राहून, तासातासाने वसूल केली.

दुसऱ्या वर्षी शीट केली तेव्हा त्यांच्या ओळीसमोर शून्य टाकताना माझा हात जरा थांबला होता. ह्या वर्षी पण शून्यच. लिमिट वाढणार अशी बातमी अधूनमधून व्हॉट्सॲपवर येते आणि ते ती मला दाखवायला आणतात. परवा आले तेव्हा मात्र मोबाईल नव्हता हातात, पोरगा होता बरोबर, आयटीआय झालेला, केस एकदम चापून बसवलेले. दारातच उभे राहिले, टोपी खिशात.

"मॅडम, ह्याला लावून घेता का? ह्याचं लिमिट अजून सगळंच मोकळं आहे."

मी ड्रॉवरमधून फॉर्म काढला आणि आधार कार्ड मागितलं.